शाबासची जागा

८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पार्सल मिळालं. सूट छान आहे, पण कोणाचा आहे? तुझ्या लेकाचा तर नाही. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहतात आणि पँट घोट्यापर्यंत पोचतच नाही. तू ज्या फोटोवरून माप दिलंस तो दोन वर्षांपूर्वीचा असणार. टिल्लू आता माझ्या कानाला लागतो. त्याला टिल्लू म्हटलेलं आवडतही नाही, पण तोंडातून जातंच. कोपऱ्यावरच्या शिंप्याने सूट उलटा करून शिवणी बघितल्या आणि म्हणाला, "बाई, वाढवायला आत कापडच ठेवलेलं नाही. शिवणाऱ्याला मूल वाढतं हे ठाऊक नव्हतं वाटतं." मी म्हटलं, "शिवणाऱ्याला असेल हो. घेणाऱ्याला नव्हतं."

तुझी पाठाची कॅसेट मात्र सारखी वाजते. युक्ती चांगली आहे हे मान्य करते. तू एक ओळ म्हणतोस, मग त्याच्यासाठी जागा सोडतोस, आणि मग म्हणतोस, "शाबास." ओळ, जागा, शाबास. बुधवारी आणि रविवारी, तुझ्या बायकोची इस्पितळाच्या धुलाईघरात पाळी असते तेव्हा, पोरगा माझ्याकडे असतो. माझ्या दोन खोल्यांत त्या दिवशी तुझाच आवाज भरून असतो. तिसऱ्या ओळीत तुला ठसका लागला आहे. पोराने ठसकाही पाठ केला. मी म्हटलं, "अरे, तो ठसका म्हणायचा नाही." तर म्हणतो, "आत्या, तो गाळला की पुढची ओळ आठवत नाही."

परवा मी भांडी घासत होते. बाहेर तू ओळ म्हटलीस, आणि जागेत हा म्हणाला, "साबण, टॉवेल, कंगवा." तू म्हणालास, "शाबास." पुढच्या ओळीनंतर हा म्हणाला, "आत्याचं नाक लांब आहे." "शाबास." मी ओल्या हाताने त्याचा कान धरायला गेले. तो हसत होता, मग हसायचा थांबला. "बघ ना आत्या," म्हणाला, "बाबा ऐकत नाहीत, तरी शाबास म्हणतात."

यावर काय बोलायचं ते तूच कळव.

मला कळतं रे, तू ते का म्हणतोस. तुझ्या बार मिट्झ्वाला, तेराव्या वर्षी तू सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा धर्मग्रंथ वाचून पुरुषांत गणला गेलास त्या दिवशी, मी एकोणीस वर्षांची होते आणि वर बायकांच्या सज्जाच्या कठड्याला टेकून उभी होते. महिनाभर तू शेजारच्या खोलीत घोकत होतास, ते ऐकून मलाही सगळं येत होतं. मुलींना कोणी वाचायला उभं करत नसे, म्हणून मी वर ओठ हलवत होते. तू एकदाही चुकला नाहीस. आणि अण्णांनी, बुकबाइंडरच्या त्या खळ लागलेल्या बोटांनी तुझी कॉलर नीट करत विचारलं, "एवढंच?" तू पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडलास. रुमाल माझा होता.

तू विचारलंस, सहा मेच्या शनिवारी, पोराच्या बार मिट्झ्वाला, ग्रंथाचा कोणता भाग वाचतात हे प्रार्थना चालवणाऱ्या हझानांना विचारून घेतलं का? हो. सगळं झालं आहे. तू तिकडे परदेशात तुझ्या लिफ्ट दुरुस्तीचं बघ.

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय धाकट्या,

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, पत्राला आठ दिवसांत उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. तुला बावीस दिवस झाले. फोन तू माझा घेत नाहीस. विमानतळावर मी जे बोलले ते तू चार वर्षं धरून बसला आहेस. ते मी परत घेणार नाही. "वर्षभरात दोघांना बोलावून घेतो" असं तू म्हणाला होतास, आणि मी म्हटलं होतं की तू बोलावणार नाहीस. मी चुकले असते तर मला आनंद झाला असता.

पोराच्या एकवीस ओळींपैकी चौदा तयार आहेत. तुझी बायको सांगत होती, तू तिथल्या कारखान्यात सगळ्यांना त्याचा फोटो दाखवतोस. "माझा मुलगा पूर्ण भाग वाचणार, एक ओळही न गाळता," असं सांगत फिरतोस. तुझा फोरमनसुद्धा आता त्याला ओळखतो म्हणे. मग कधी मुलाच्या आईच्या हातांकडेही बघायचंस. दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालून तिच्या नखांशी भेगा पडल्या आहेत. ती स्वतः काही बोलत नाही. मी बोलले की म्हणते, "जाऊ द्या वन्सं, यांचा स्वभावच तसा." स्वभाव म्हणजे काय हवामान आहे, की आलं आणि सोसलं?

चष्म्याच्या दुकानात मी तीस वर्षं लोकांना अक्षरांच्या पाटीसमोर बसवते आहे. शेवटची ओळ दिसत नसली तरी पुरुष "दिसते" म्हणतात. आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून त्यांनी ती पाठ केलेली असते. मी पाटी उलटी केली की गप्प बसतात. मला तुझी आठवण येते.

रजा पक्की झाली का, एवढं तरी लिही.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

घोटाळा झाला आहे. नीट वाच.

सेफेरवरून वाचायचा सराव व्हावा म्हणून पोराला आज हझानांकडे नेलं. ग्रंथाच्या त्या हस्तलिखित गुंडाळीत नुसती अक्षरं असतात, स्वरांच्या खुणा नसतात, चाल आधी डोक्यात असावी लागते. त्याच्या डोक्यात तर ती पक्की होती. त्याने सुरुवात केली. तिसऱ्या ओळीतला ठसकाही काढला. हझान चष्मा कपाळावर चढवून ऐकत राहिले. थांब म्हणाले नाहीत. त्याचं संपल्यावर म्हणाले, "फार सुंदर. पण बाळ, हा त्या शनिवारचा भाग नाही. हा पुढच्या शनिवारचा."

मग त्यांनी कागदावर चौकटी काढून मला समजावलं. तुम्ही तिकडे एप्रिलमधला सण सात दिवस पाळता, आम्ही इकडे आठ. यंदा तो आठवा दिवस नेमका शनिवारी येतो. त्या शनिवारी आम्ही सणाचं वाचतो आणि तुम्ही नेहमीचा क्रम पुढे नेता. तेव्हापासून कितीतरी आठवडे तुम्ही एक भाग पुढे असता. सहा मेला तुमच्याकडे जे वाचतील ते आमच्याकडे तेरा मेला.

म्हणजे तू तुझ्या गावचं शिकवलंस. मुलगा राहतो इथे, आणि बाप तिथलं कॅलेंडर बघून त्याला तयार करतो! गेली चार वर्षं तू हेच करतो आहेस. सूट तसाच, कॅसेट तशीच. इकडे काय चाललं आहे हे विचारायचंच नाही, तिकडून ठरवायचं आणि पाठवून द्यायचं.

पोरगा घरी येईपर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. मग म्हणाला, "आत्या, बाबांना सांगू नकोस." आता मी ते सांगते आहे, कारण सांगायलाच हवं.

हझान म्हणतात, दोन मार्ग आहेत. तारीख तेरा मे करायची आणि तू शिकवलेलं सगळं त्याने वाचायचं. नाहीतर सहालाच, पण त्या दिवसाच्या भागातल्या फक्त शेवटच्या तीन ओळी. शाळेच्या परीक्षा सांभाळून तेवढ्याच होतील. तुझी रजा हलते का ते लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच.

ताई


९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

धुलाईघराच्या सुपरवायझरीणबाईंच्या फोनवर तू बोललास म्हणे. शेवटी फोन केलास, तोही माझ्याकडे नाही. तुझी बायको संध्याकाळी आली, चप्पलही न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"वन्सं, हे म्हणाले तारीख बदला. मी शिकवलं तेच पोरगा वाचेल."

"आणि रजा?"

"रजा चार ते आठचीच. बदलून मिळत नाही."

"मग तेराला हा येणार कसा?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाले, अर्धवटच वाचायला लावणार असाल तर मी येऊन काय करू? कारखान्यात लोकांना काय सांगू?"

पोरगा आत गृहपाठ करत होता. दार उघडं होतं. तिथूनच म्हणाला, "सहालाच करा. बाबा सहाला येणार आहेत ना? मग सहालाच." पेन्सिलीचा आवाज पुन्हा सुरू झाला. आपण तिघं मोठी माणसं महिनाभर भांडतो आहोत, आणि त्याला उत्तर द्यायला तेवढाच वेळ लागला.

आता मी जे लिहिणार आहे ते तीन वेळा लिहून फाडलं आहे.

चूक तुझी नाही. तू मला फेब्रुवारीतच विचारलं होतंस आणि मी "हो, सगळं झालं आहे" असं लिहिलं. झालं नव्हतं. हझानांना मी विचारलंच नव्हतं. तू डिसेंबरात पाठवलेलं कॅलेंडर माझ्या गॅसशेजारी टांगलेलं आहे, सुंदर कागद, दर शनिवारच्या चौकटीत भागाचं नाव छापलेलं. मी चहा उकळता उकळता बोट ठेवून बघितलं, तुझ्या पत्राशी जुळलं, आणि विषय संपवला. तुझंच कॅलेंडर तुझ्या पत्राशी जुळणार नाही तर काय!

का विचारलं नाही? हझानांनी पहिला प्रश्न तुझ्याबद्दल केला असता. "धाकटा कसा आहे? बायको-मुलाला कधी नेतोय?" अण्णा गेल्यापासून मी तिथे जायचंच टाळते ते याच प्रश्नासाठी. मला तुझी लाज वाटत होती, आणि ती लाज झाकायला मी तुला खोटं लिहिलं. मग गेल्या पत्रात तुझ्यावरच तोंडसुख घेतलं. सिस्टरांनी मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

तेव्हा राग माझ्यावर काढ. हवं तर माझ्याशी आणखी चार वर्षं बोलू नकोस, सवय आहे. पण तू ये. तो सहाचा दिवस तुझ्यासाठी घेऊन बसला आहे. एकवीस ओळी सोडून तीन नव्या शिकतो आहे, का, तर त्या दिवशी तू असशील. हे जर तुला अर्धवट वाटत असेल, तर पूर्ण कशाला म्हणतात ते मला माहीत नाही.

ताई


९ मे

धाकट्या,

विमान वेळेवर पोचलं असेल.

तू आलास. चार दिवस माझ्या बाहेरच्या खोलीत झोपलास, बाथरूमच्या नळाचा वायसर बदललास, बायकोशी धड बोलला नाहीस, पण आलास. शनिवारी सकाळी तू आणलेली शाल पोराच्या खांद्यावर घातलीस. मी वरून बघितलं. सुटाच्या बाह्या शिंप्याने काळी पट्टी जोडून लांब केल्या होत्या, त्या पट्टीवर तू अंगठा फिरवलास. तुला तेव्हा कळलं. मला वाटलं, चला, आता सगळं ठीक होईल. केवढी गर्दी होती, तुझे शाळेतले मित्र, धुलाईघरातल्या बायका, मागच्या बाकावर माझ्या दुकानाचे मालकसुद्धा.

तीन ओळी त्याने स्वच्छ वाचल्या. प्रत्येक ओळीनंतर जरा थांबला. लोकांना वाटलं, मुलगा घाबरला. तो घाबरला नव्हता. तू काहीतरी म्हणशील म्हणून जागा सोडत होता. तू सेफेरकडे बघत उभा होतास.

आणि संपल्यावर तू हझानांकडे वळून, हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "एवढंच?"

तू गमतीत म्हणालास, मला ठाऊक आहे. अण्णाही कदाचित गमतीतच म्हणाले होते. तुला ती गंमत वाटली होती का? तेहतीस वर्षं तो शब्द तू जपून ठेवलास आणि नेमका त्या दिवशी खिशातून काढलास, आवाजसुद्धा तोच. मी कठडा धरला नसता तर खाली येऊन सगळ्यांदेखत तुझा कान पिरगाळला असता. तुझ्या बायकोने माझा हात दाबला. तिचे हात फार खरखरीत आहेत, हे मी तुला आधीच कळवलं होतं.

पोराचे कान लाल झाले. पाण्याच्या टाकीमागे तो गेला नाही. आला, मला म्हणाला, "आत्या, भूक लागली." तुझ्यापेक्षा तो कणखर आहे, असं मी स्वतःला सांगते आहे. मला त्याची खात्री नाही.

ताई


१४ मे

प्रिय धाकट्या,

मागचं पत्र तुझ्या हातात पडायच्या आत हे लिहिते आहे, कारण कालचं तुला मी नाही सांगितलं तर कोणीच सांगणार नाही.

गुरुवारी पोरगा शाळेतून थेट हझानांकडे गेला. काय बोलला ते हझानांनी मला नंतर सांगितलं. "ते दुसरं मला येतं. येत्या शनिवारी तेच आहे ना?" हझान म्हणाले, "सगळं येतं?" तर हा म्हणाला, "ठसक्यासकट."

काल गर्दी नव्हती. साधा शनिवार. वर आम्ही दोघी, तुझी बायको आणि मी. खाली शिंपी, घड्याळजी, दुधवाल्याचा म्हातारा सासरा, असे एकेक करत आले आणि यायचे थांबले. मी वरून बघत होते. नऊ. दहा पुरुष जमल्याशिवाय सेफेर उघडत नाहीत हे तुला सांगायला नको. घड्याळजी दारापर्यंत जाऊन रस्त्यावर बघून आले. कोणी नाही. शिंपी म्हणाला, "आज काही जमत नाही. सेफेरच्या कपाटाचा पडदा तसाच राहू द्या."

हझान म्हणाले, "दहा आहेत की." आणि पोराकडे बघितलं. "चला, सुरू करू."

धाकट्या, एवढंच. ना भाषण, ना शाबासकी. नऊ म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि सरकून त्याला जागा दिली. गेल्या वर्षी तो असता तर ते सगळे टोप्या काढून घरी गेले असते. काल तो आला म्हणून सेफेर उघडली. ज्यासाठी तू एवढा आटापिटा केलास ते काल झालं, आणि तू तेव्हा कुठल्यातरी लिफ्टखाली कंदील धरून होतास. की तिकडे शनिवारी सुट्टी, म्हणून झोपला होतास? कारखान्यात कोणाला त्याचा फोटो दाखवत असशील तर आता हेही सांग.

मग त्याने वाचलं. एकवीसच्या एकवीस ओळी. पहिली ओळ संपली आणि तो थांबला, कॅसेटमध्ये जितकं थांबायचं तितकंच. मी तोंडावर हात धरून उभी होते, आणि माझ्या शेजारून आवाज आला, "शाबास." तुझी बायको! चार वर्षांत या बाईचा आवाज मी त्या इमारतीत ऐकला नव्हता. तिला स्वतःलाही कळलं नसावं, कारण खालून नऊ माना वर झाल्या तेव्हा ती माझ्याकडेच बघायला लागली, जणू मी बोलले. शिंपी कपाळाला आठ्या घालून हझानांकडे वळला. हझानांनी पोराला दुसरी ओळ दाखवली. पण दुसरी ओळ संपली तेव्हा ते स्वतःच थांबले, चष्मा कपाळावर चढवला, आणि वर बघत राहिले. तिने म्हणेपर्यंत पोराला पुढे जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या ओळीत ठसका आला. घड्याळजींनी पाणी पुढे केलं. मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही.

आपल्यात शनिवारी टेप चालवत नाहीत. म्हणून काल तू जे चुकवलंस ते या कागदावरच आहे, इतर कुठे नाही. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढं नशीब समज.

पण आज रविवार. जेवण झाल्यावर तो माझा टेपरेकॉर्डर घेऊन बसला. बघते तर तुझीच कॅसेट घातलेली आणि बोट लाल बटणावर. मी ओरडले, "अरे, त्यावर बाबांचा आवाज आहे! पुसला जाईल!"

"मला पाठ आहे," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

ती कॅसेट सोबत पाठवते आहे. आता त्यात त्याचा आवाज आहे. एक ओळ तो म्हणतो, मग जागा सोडतो. पुढे काहीच नाही, नुसती टेपची खरखर. मी विचारलं, "इथे काय?" म्हणाला, "बाबांना माहीत आहे."

पण तू लगेच सुरू होऊ नकोस. आधी ऐक. त्याने मला सांगू नको म्हणून बजावलं आहे, आणि या घरात माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हा दोघांना ठाऊकच आहे. एकवीस ओळींपैकी एका ओळीच्या जागी त्याने साबण, टॉवेल, कंगवा म्हटलं आहे.

कितवी, ते त्याला कळव. आठ दिवसांत.

तुझी,
ताई